कॉस्टिया काउंटी: स्वस्त जमीन आणि तिला न जोडलेले पाणी

अमेरिकेत स्वतःच्या श्रमांवर चालणारे छोटे शेतघर उभारू पाहणाऱ्यांपुढे कोलोरॅडो राज्याच्या दक्षिण टोकावरील कॉस्टिया काउंटीचे नाव आज ना उद्या येतेच, कारण येथे पाच एकरांचा तुकडा काही हजार डॉलरमध्ये मिळतो आणि विक्रेते तो हप्त्यानेही देतात. आम्ही पती-पत्नीने गेल्या वर्षभरात वसंतात आणि पानगळीच्या सुरुवातीला असे दोनदा येथे राहून जमिनी पाहिल्या.

काउंटीचे क्षेत्र सुमारे 1,230 चौरस मैल आहे आणि 2020 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या केवळ 3,499. सॅन लुईस हे मुख्य गाव 1851 मध्ये वसले असून कोलोरॅडोतील सलग वस्ती असलेले ते सर्वांत जुने गाव मानले जाते. समुद्रसपाटीपासून जवळजवळ 8,000 फूट उंचीवरच्या या खोऱ्याच्या पूर्वेला सांग्रे दे क्रिस्तोची रांग आहे आणि तिच्यात 14,000 फुटांहून उंच ब्लँका शिखर आहे. हे दृश्य पाहून मन तत्काळ वळते, आणि नेमके म्हणूनच आम्ही पहिल्या भेटीत कोणतेही कागद करायचे नाहीत असे ठरवले होते.

या खोऱ्यात वर्षाला साधारण सात इंच, म्हणजे जेमतेम 180 मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसावर भाजीचा वाफाही उभा राहत नाही, म्हणून सर्व गणित विहीर आणि पाट यांवर येते. कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून वेगळा असून ज्याने आधी पाणी वापरात आणले त्याचा हक्क आधी, असा नियम आहे. 35 एकरांहून लहान तुकड्यावर बोअरचा परवाना मिळाला तरी तो सर्वसाधारणपणे घराच्या आतील वापरापुरताच असतो, त्यामुळे त्या पाण्यावर बाग फुलवणे किंवा गुरे पाजणे नियमबाह्य ठरते. 35 एकर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर मात्र जनावरांना पाणी आणि एक एकरापर्यंत बागेचे सिंचन यांची मुभा असलेला परवाना मिळू शकतो. छपरावरचे पाणी साठवावे म्हटले, तर 2016 च्या कायद्याने सर्वसामान्य घराला दोन पिंपे मिळून 110 गॅलन, म्हणजे सुमारे 416 लिटर एवढीच परवानगी दिली आहे. आम्हाला तुकडा दाखवणाऱ्या मध्यस्थाने “येथे बोअर घेता येते” असे सांगितले होते; ते खरे होते, परंतु त्या पाण्यावर कोंबड्या आणि टोमॅटो जगवता येणार नाहीत, हा उरलेला अर्धा भाग आम्हाला परवान्याचे नियम वाचून कळला. त्याचे मला आजही वाईट वाटते, कारण आमच्यासारखी अनेक कुटुंबे आपली सगळी बचत अशा अर्ध्या वाक्यावर लावतात.

गेल्या शतकात जमिनीचे मोठे पट्टे कापून हजारो छोटे तुकडे पाडले गेले आणि ते दूरवरच्या लोकांना विकले गेले. बहुतेक तुकड्यांवर आजही वीज, पाणी किंवा धड रस्ता पोहोचलेला नाही. विजेची उणीव सौरपट्ट्यांनी चांगली भरून निघते, कारण येथे वर्षभर स्वच्छ ऊन असते. सांडपाण्याला तशी पळवाट नाही. सेप्टिक टाकी आणि शोषक्षेत्र, म्हणजे टाकीतले पाणी जमिनीत मुरवण्याची जागा, परवान्यानेच करावे लागते, आणि 2015 च्या सुमारास काउंटीने या नियमांची अंमलबजावणी कडक केली तेव्हा फिरत्या घरांत राहणारे रहिवासी आणि प्रशासन यांच्यात मोठा संघर्ष झाला होता. म्हणून जमिनीच्या किमतीत बोअर, सेप्टिक आणि रस्ता यांचा खर्च मिळवल्याशिवाय ती स्वस्त म्हणू नये. या तिन्हींपुढे जमिनीची रक्कम किरकोळ ठरते.

याच काउंटीत दुसरी एक जमीन आहे आणि माझे मन तिच्यावर जडले आहे. सॅन लुईसच्या आसपास जुन्या वसाहतकारांनी ओढ्यापासून डोंगराकडे जाणाऱ्या लांबट पट्ट्या आखल्या आणि त्यांना पाणी पोहोचवण्यासाठी असेकिया, म्हणजे सामाईक पाट खणले. त्यांपैकी सॅन लुईस पीपल्स डिच या पाटाचा 1852 चा हक्क कोलोरॅडोतील अखंड वापरातला सर्वांत जुना हक्क आहे. येथे मायोर्डोमो, म्हणजे पाटकरी, पाळ्या ठरवतो, आणि वसंतात सभासद मिळून पाट साफ करतात. 2002 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा जुन्या जमिनींच्या मालकांचे पूर्वेकडील खासगी डोंगरावरून सरपण आणि लाकूड आणण्याचे आणि गुरे चारण्याचे हक्कही मान्य केले. अशी पट्टी क्वचितच विकायला येते आणि तिची किंमत माळावरच्या तुकड्याच्या कितीतरी पट असते, तरीही शेतघरासाठी मला तीच खरी किफायतशीर वाटते. मात्र ती घेणाऱ्याने पाटाच्या कामात आणि सभेत मनापासून उभे राहण्याची तयारी ठेवावी.

डोंगरपायथ्याच्या झाडीत पाऊस थोडा अधिक पडतो आणि वाऱ्यापासून आडोसाही मिळतो, परंतु 2018 च्या ‘स्प्रिंग’ नावाच्या वणव्यात ही काउंटी आणि शेजारची ह्युअर्फानो मिळून सुमारे 1,08,000 एकर जळाले, हे विम्याची चौकशी करताना विसरून चालणार नाही.

हवामान कठोर आहे. जवळच्या अलामोसा शहरात जानेवारीच्या रात्रींचे सरासरी तापमान उणे 18 ते 19 अंश सेल्सिअस असते, आणि दहिवरमुक्त हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. बटाटा, सातू, लसूणघास आणि स्थानिक बोलिटा घेवडा येथे रुजलेला आहे. टोमॅटो-मिरचीला हरितगृह लागेल. शिवाय कोलोरॅडोत दुसऱ्याची गुरे बाहेर ठेवण्यासाठी कुंपण आपणच घालायचे असते. मोठी खरेदी आणि रुग्णालय यांसाठी काउंटीतील फोर्ट गारलंड गावाहून अलामोसापर्यंत सुमारे 25 मैल जावे लागते, ते मला गैरसोयीचे वाटले नाही.

हप्त्याने तुकडा घेऊन तंबूत राहत हळूहळू घर बांधू इच्छिणाऱ्याला मी ही काउंटी सुचवणार नाही. बोअर आणि सेप्टिकची रक्कम हाताशी असून 35 एकर घेऊ शकणाऱ्याने ती अवश्य पाहावी, आणि ती जानेवारीत पाहावी. आम्ही माळावरचा तुकडा नाकारला आहे. पाटाखालची पट्टी निघाल्यास कळवावे, असे सॅन लुईसमधील ओळखीच्या कुटुंबाला सांगून ठेवले आहे.