हॅरी, पर्सी की अरू? आठवीतल्या पोराच्या हातात आधी काय द्यावं

गेल्या महिन्यात सेलूहून भाच्याचा फोन आला. आठवीत गेलाय, सेमी इंग्रजीला आहे, मराठी पुस्तकं हातोहात संपवतो. आजोबांनी वाढदिवसाला दिलेल्या पैशांतून त्याला जादूच्या गोष्टींची एक अख्खी मालिका घ्यायची आहे. वर्गातल्या पोरांकडून तीन नावं ऐकून ठेवली होती : हॅरी पॉटर, पर्सी जॅक्सन आणि अरू शाह. "मावशी, तू तिन्ही वाचल्यास ना? मग एकच सांग की, कोणती घेऊ?"

फोनवर एका वाक्यात सांगण्यासारखं ते नव्हतं. आणि हाच प्रश्न पडलेली घरं आपल्याकडे बरीच असतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हॅरीचे सात भाग, १९९७ ते २००७ या काळात आलेले, लेखिका जे. के. रोलिंग. पर्सीची मूळ मालिका पाच भागांची, २००५ ते २००९, लेखक रिक रायर्डन. पर्सीचे आणखी भाग नंतर आले, पण मूळ गोष्ट पाचव्यात पुरी होते. अरू शाहचेही पाचच, २०१८ ते २०२२, लेखिका रोशनी चोक्शी. तिन्हीकडे गोष्ट सुरू होते तेव्हा मुख्य पात्र अकरा-बारा वर्षांचं असतं आणि भागागणिक मोठं होत जातं. सारखेपणा इथंच संपला.

हॅरी मी पहिल्यांदा वाचला तो मराठीतून, सातवीच्या उन्हाळ्यात. मंजुल पब्लिशिंग हाऊसने काढलेला अनुवाद, नाव 'हॅरी पॉटर आणि परीस'. गोष्टीतल्या जादूच्या दगडाला 'परीस' म्हटलं, यातच अनुवादाने अर्धी बाजी मारली असं मी आजही मानते. आपल्याकडच्या पोराला परीस समजावून सांगावा लागत नाही. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे नामदेवांचं गाव मानतात, आणि आमच्या आजीचं माहेर त्याच भागातलं. तिच्या तोंडून परिसा भागवताची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन! भागवताकडे परीस होता. त्याच्या बायकोने तो नामदेवांच्या राजाईला दिला, घरात सोनं आलं, आणि नामदेवांना कळताच त्यांनी तो चंद्रभागेत टाकून दिला. भागवत जाब विचारायला आला, तर नामदेवांनी पाण्यात हात घालून ओंजळभर खडे काढले आणि म्हणाले, यातला तुझा कोणता तो ओळखून घे.

ही गोष्ट डोक्यात घेऊन मी हॅरीच्या पहिल्या भागाच्या शेवटाला पोचले आणि अंगावर काटा आला. तिथंही तो दगड त्यालाच सापडतो, ज्याला तो शोधायचाय पण वापरायचा नाही. याहून जास्त सांगत नाही, भाचा वाचतोय.

त्याच भागातलं आरशाचं प्रकरण तर मला जवळजवळ पाठ आहे. रात्री एका रिकाम्या वर्गात हॅरी छताला टेकलेल्या आरशासमोर उभा राहतो. आरशात त्याच्यामागं माणसं उभी दिसतात. वळून बघतो तर वर्गात कुणी नाही. मग कळतं, ते त्याचे आई-वडील आहेत, आणि मागं अख्खं कुळ. कुणाचे डोळे त्याच्यासारखे, एका म्हाताऱ्याचे गुडघेसुद्धा त्याच्यासारखे. आई-वडिलांना कधी न पाहिलेलं ते पोर दुसऱ्या रात्री परत जातं, तिसऱ्या रात्री परत. जादूच्या गोष्टीत एवढं साधं, एवढं खरं दुःख दुसऱ्या कुठं मी वाचलं नाही.

आणखी एक. हॅरी जादू शिकायला जातो ती हॉगवर्ट्स ही निवासी शाळा आहे. ट्रंक भरून स्टेशनवर जायचं, अनोळखी पोरांबरोबर डब्यात बसायचं, पुढं त्यांच्याचबरोबर जेवायचं, झोपायचं, भांडायचं. लातूरला किंवा नांदेडला शिकायला म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी घर सोडणारी पोरं आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. त्यांना हा प्रवास कळतो, कुणी समजावून द्यावा लागत नाही. पहिल्या सुट्टीत घरी आलेल्या पोराला विचारून बघा.

हॅरीत खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. शब्दांचे खेळ अनुवादात निसटतात. जादूच्या बाजारपेठेचं नाव 'डायगन अ‍ॅली' इंग्रजीत सलग म्हटलं की 'तिरकस' असा अर्थ ऐकू येतो, ती मजा मराठीत कुठून आणणार? दुसरं म्हणजे लांबी. पहिला भाग इंग्रजी मूळ आवृत्तीत २२३ पानांचा, पाचवा ७६६ पानांचा. त्या पाचव्यात हॅरी पानोपानी चिडलेला असतो आणि मला तो दोनदा बाजूला ठेवावा लागला. चौथ्या भागाच्या शेवटापासून गोष्ट काळवंडते, माणसं मरतात, ओळखीची, आवडती माणसं. म्हणून पाचवीतल्या पोराला सातही भागांचा संच एकदम आणून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षाला दोन भाग पुरे. पोरगं आणि हॅरी बरोबरीनं मोठे होतात.

आता पर्सी. याच्याबद्दल लिहिताना मला माझ्या धाकट्या भावाबद्दल लिहावंच लागेल.

त्याच्यापुढं अक्षरं पळायची. इंग्रजीत बी आणि डी, मराठीत घ आणि ध, भ आणि म. त्याच्या शाळेतल्या एका बाईंनी त्याला वर्गासमोर धडा वाचायला उभं केलं, तो अडखळला, आणि सगळ्यांदेखत त्याला 'ढ' म्हटलं. त्या दिवसापासून पुस्तक दिसलं की तो उठून जायचा. मला अजून त्या प्रसंगाचा राग येतो.

२०१६ चा उन्हाळा होता. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्या गल्लीत टँकर यायचा तो आठ-दहा दिवसांनी, आणि बहुतेक वेळा रात्रीच. खाली ड्रम, घागरी, बादल्या रांगेत लावून आम्ही दोघं गच्चीवर जागत बसायचो. मी मोबाइलच्या उजेडात पर्सीचा पहिला भाग वाचायची आणि जमेल तसं मराठी करत त्याला सांगायची. त्याला झोप येऊ नये, एवढाच हेतू.

पर्सी बारा वर्षांचा. एकही शाळा त्याला टिकू देत नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं पानावरून सुटून तरंगायला लागतात. मग अ‍ॅनाबेथ नावाची मुलगी त्याला सांगते, की तुला इंग्रजी वाचता येत नाही, कारण तुझा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलाय. आणि तुला एका जागी बसवत नाही, कारण ती लढवय्याची चपळाई आहे. तू ग्रीक देवाचा मुलगा आहेस. भाऊ आडवा पडला होता, तो उठून बसला. म्हणाला, "ताई, परत वाच ते."

मी परत वाचलं.

रायर्डन स्वतः शाळेत शिक्षक होते. त्यांच्या मुलाला वाचनाची हीच अडचण होती, चंचलपणाही होता. त्याला रात्री ग्रीक पुराणातल्या गोष्टी सांगता सांगता त्या संपल्या, तेव्हा त्यांनी नवी रचली, ती ही. पुस्तकात ते जाणवतं. पर्सी स्वतःच बोलतो, वाक्यं आखूड, दर पाच-सहा पानांनी काहीतरी अंगावर येतं. ज्याला वाचायचा कंटाळा आहे किंवा धास्ती आहे, त्याचं बोट धरायला याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही.

आणि पाणी! पर्सी समुद्रदेव पोसायडनचा मुलगा. देवांच्या मुलांच्या शिबिरातली एक आडदांड पोरगी त्याचं डोकं संडासात बुडवायला ओढत नेते, आणि तो काही न करता संडासातून पाणी उसळतं, ती पोरगी पार मागं ढकलली जाते. आमच्याकडे तेव्हा अंघोळीला माणशी अर्धी बादली. भाऊ बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "त्याला आपल्याकडं बोलावता येत नाही का गं?"

तरीही दोष सांगते. पर्सीचे भाग एकाच साच्यातले आहेत : भविष्यवाणी, प्रवास, वाटेत एकामागून एक राक्षस, शेवटी लढाई. तिसऱ्या भागापर्यंत वाक्प्रचार पाठ होतात. ऑलिम्पस पर्वत न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीच्या सहाशेव्या मजल्यावर आहे, ही कल्पना झकास. पण ती इमारत ज्याने ऐकलेलीच नाही त्याला ती सांगावी लागते. असे अमेरिकी संदर्भ फार. हॅरीत माणसं जशी मनात घर करतात, तशी इथं अ‍ॅनाबेथ आणि पर्सीची आई सोडली तर फारशी कुणी करत नाहीत. चौथा भाग मात्र चुकवू नका, त्यात जमिनीखालचा भुलभुलैया आहे. दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी जो शाळेच्या सहलीत पार करून आलाय, वटवाघळांचा तो वास ज्याच्या नाकात आहे, त्याला तो भाग दुप्पट भिडेल.

अरू शाहबद्दल थोडक्यात. अटलांटातली बारा वर्षांची मुलगी, आई संग्रहालय सांभाळते. श्रीमंत वर्गमैत्रिणींपुढं कमी पडू नये म्हणून अरू थापा मारते. एक दिवस वर्गातली तीन मुलं तिची थाप पकडायला दारात उभी राहतात, आणि मान राखायला ती संग्रहालयातला शापित दिवा लावून बसते. मग कळतं, पांडवांचे आत्मे या जन्मी मुलींमध्ये आलेत आणि अरू त्यातली एक, इंद्राची लेक. दिवा लावण्यामागची ती लाज लेखिकेनं फार नेमकी पकडलीय.

पण आपल्या वाचकासाठी इथं एक अडचण आहे. पुस्तक लिहिलंय ते महाभारत माहीत नसलेल्या मुलांसाठी. वज्र म्हणजे काय, चित्रगुप्त कोण, हे सगळं समजावत गोष्ट पुढं सरकते, शेवटी शब्दार्थही दिलेत. सप्ताहात बसून कर्णाचं कवच ऐकलेल्या पोराला हे सावकाश वाटतं. शिवाय यमाला तिथं 'धर्मराज' म्हणतात. आपल्याला धर्मराज म्हटलं की युधिष्ठिर आठवतो, दोन पानं गोंधळ होतो. उलट, घरात अशी मुलगी असेल जिला "सगळ्या गोष्टींत लढणारे पोरंच का?" असा प्रश्न पडलाय, तर तिला हीच मालिका द्या, बिनदिक्कत.

सिनेमांचं विचाराल, तर हॅरीचे आठही बरे आहेत, पण पुस्तकानंतर.

तर निवड. पोरगं मराठीत रमतं आणि इंग्रजीला बिचकतं, तर हॅरी, मराठीतून, पहिले तीन भाग. त्यानंतर इंग्रजीत उडी मारायला पर्सी, कारण त्याची भाषा सोपी आणि बोलीतली आहे. पोरानं वाचनाशीच वैर धरलंय, तर क्रम उलटा करा : आधी पर्सी, तोही तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून. महाभारत आवडतं आणि इंग्रजी बऱ्यापैकी येतं, तर अरू. आणि "आठवीपासूनच मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी, हे अवांतर कशाला" म्हणणाऱ्या पालकांना एवढंच सांगते, की रात्री झोपण्याआधीची वीस पानं कुठल्याच क्लासच्या वेळेत येत नाहीत.

भाच्याला हॅरीच सांगितलाय. पहिले दोन भाग मागवले, तिसरा दिवाळीत. परवा त्याचा फोन होता, "मावशी, तो आरसा..." एवढंच म्हणाला आणि आईनं जेवायला बोलावलं म्हणून ठेवला.

पर्सी त्याला नवा घ्यावा लागेल. माझी ती जुनी प्रत भावाकडे आहे, त्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात, बिलबुकाच्या खणात. कोपरे मुडपलेत, एका पानावर पाण्याचा डाग आहे, आणि तो ती कुणाला देत नाही.