नर कुत्र्याचं न्यूटरिंग: सहाव्या महिन्यात उरकायचं की दीड वर्ष थांबायचं?

पिल्लाच्या लसी संपत आल्या की हा प्रश्न येतोच, आणि मग दहा जण दहा वयं सांगतात. एक म्हणतो सहा महिने झाले की उरकून टाक, दुसरा म्हणतो दोन वर्षं हात लावू नकोस, तिसरा म्हणतो नराला करायचंच कशाला, पिल्लं काय त्याला होणारेत का. मी दोन्ही करून बसलेय, एकाला सहाव्या महिन्यात आणि दुसऱ्याला सोळाव्या, आणि आता तिसरा घरात आहे, त्यामुळे दोन्ही बाजू एकदा समोरासमोर ठेवते.

आधी शब्दांचा घोळ. आपण सर्रास नसबंदी म्हणतो, पण खऱ्या नसबंदीत फक्त नळी कापून बांधतात, वृषण जागेवरच असतात आणि हॉर्मोन आधीसारखेच बनत राहतात. न्यूटरिंग म्हणजे दोन्ही वृषण काढून टाकणं. सगळी भानगड टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे वृषणात बनणाऱ्या नर हॉर्मोनची आहे, लवकर की उशिरा हा वाद म्हणजे कुत्र्याच्या शरीराला ते किती महिने मिळू द्यायचं एवढाच वाद आहे.

आता हाडं, कारण मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत खरा मुद्दा हाच. पायाच्या लांब हाडांच्या टोकाशी ग्रोथ प्लेट असतात, तिथून हाड वाढतं, आणि आता वाढ पुरे हा निरोप बराचसा या हॉर्मोनकडून जातो. वृषण आधीच काढले की निरोप उशिरा पोचतो, हाडं अजून थोडी वाढत राहतात, कुत्रा जरा उंच आणि लांबट पायांचा दिसायला लागतो. दिसायला वाईट नाही, पण सांध्यावरचा ताण बदलतो. छोट्या जातीत या प्लेट साधारण ८ ते १२ महिन्यांत बंद होतात, लॅब (लॅब्राडोर) किंवा जर्मन शेफर्डसारख्यांत वर्ष ते दीड वर्ष लागतं.

यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसने बरंच काम केलंय. २०१३ मध्ये त्यांनी ७५९ गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदी तपासल्या, त्यात वर्षाच्या आत न्यूटर झालेल्या नरांपैकी १० टक्क्यांना हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) निघाला, म्हणजे न केलेल्यांच्या दुप्पट. गुडघ्याचं लिगामेंट तुटणं न केलेल्या नरांत एकालाही नव्हतं, लवकर केलेल्यांत ५ टक्क्यांना होतं. मग २०१६ मध्ये जर्मन शेफर्ड: न केलेल्या नरांत सांध्याचा काही ना काही आजार ७ टक्के, वर्षाच्या आत केलेल्यांत २१. हे आकडे वाचून मी आमच्या लॅबचं ठरवलं, खोटं कशाला बोलू.

पण एक लक्षात ठेवा, या नोंदी विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलच्या आहेत, तिथे आजारी कुत्री जास्त जातात, त्यामुळे आपल्या गल्लीतल्या प्रत्येक पाच शेफर्डमागे एक लंगडेल असा अर्थ काढू नका. आणि सगळ्या जाती सारख्या नाहीतच. २०२० मध्ये त्यांनीच ३५ जाती तपासल्या तेव्हा छोट्या जातींत लवकर करून सांध्यांना फारसा फरक पडलेला दिसला नाही, आणि गंमत म्हणजे ग्रेट डेन एवढा थोराड असूनही त्याच्यातही वाढीव धोका दिसला नाही. मिक्स कुत्र्यांत मात्र फरक वजनावर दिसला, मोठेपणी २० किलोच्या वर जाणाऱ्यांना लवकर करणं बाधतं, त्याच्या आतल्यांना नाही. अमेरिकेतल्या पशु-हॉस्पिटल संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही वजनाचीच रेघ ओढतात: साधारण २० किलोच्या आत राहणारा असेल तर सहाव्या महिन्यात, मोठा होणार असेल तर वाढ थांबल्यावर, म्हणजे साधारण ९ ते १५ महिन्यांत.

म्हणजे वय विचारण्याआधी "हा मोठा होऊन किती किलोचा होणार" हे विचारायला हवं. बीगलवाल्याचा सल्ला लॅबवाल्याने घेतला की घोटाळा झालाच समजा.

आता दुसरी बाजू, थांबण्याची किंमत, जी थांबा म्हणणारे कोणी सांगत नाही. आमचा लॅब दहा महिन्यांचा असताना शेजारची कुत्री हीटवर (माजावर) आली. तीन दिवस हा जेवला नाही, रात्रभर दाराला नाक लावून रडणं, ती जिथे लघवी करून गेलेली ती जागा चाटायची आणि मग दात असे कडकड वाजवायचे जसं काही थंडी भरलीय. चौथ्या दिवशी पहाटे फिरायला नेला तर मान मागे खेचून पट्ट्यातून निसटला. चार तास शोधला आम्ही. सापडला तेव्हा पोटापर्यंत चिखल आणि कान फाटलेला. तेव्हा वाटलं होतं आकडे गेले खड्ड्यात, सहाव्या महिन्यातच करायला हवं होतं. त्यामुळे घराला नीट फाटक नसेल, कुत्रा मोकळा फिरत असेल, किंवा घरात न केलेली मादी असेल तर दीड वर्ष थांबण्याचा सल्ला तुमच्यासाठी नाही. गाडीखाली आलेल्या कुत्र्याचे सांधे चांगले असून काय उपयोग.

स्वभावाबद्दल मात्र लोकांच्या डोक्यात जे असतं ते बरंचसं चुकीचं आहे, आणि माझंही होतं. आमचा पहिला, छोटा, आठ किलोचा, पाहुणे आले की सोफ्यामागून गुरगुरायचा. सगळे म्हणाले न्यूटर कर, शांत होईल. केलं सहाव्या महिन्यात, काहीही फरक नाही. नंतर एका ट्रेनर बाईंनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, अहो शेपूट बघा पोटाखाली गेलीय, वजन मागच्या पायांवर आहे, हा रागावलेला नाही, घाबरलेला आहे. भीतीतून येणारा राग न्यूटर करून जात नाही, उलट काही कुत्री हॉर्मोन गेल्यावर जास्त बुजतात. जे कमी होतं ते म्हणजे मादीमागे भटकणं, घरात जागोजागी पाय वर करणं, चढणं, दुसऱ्या नरांशी खुन्नस. भटकणं सगळ्यात जास्त कमी होतं, बाकीचं कुत्र्यागणिक. भुंकणं, उड्या मारणं, चपला खाणं याचा न्यूटरिंगशी संबंध नाही, ते वयाचं आणि आपल्या शिकवण्याचं. आणि लवकर नाही केलं तर सवयी कायमच्या लागतात असं जे सांगतात तेही तितकंसं खरं नाही, मोठेपणी केलेल्यांतही फरक पडतो, लॅबने घरात पाय वर करणं सोळाव्या महिन्यानंतर दोनेक महिन्यांत सोडलं.

कधीच न करणं हाही पर्याय आहेच, आमच्या ह्यांचा तर पहिल्यापासून तोच आग्रह होता, विषय काढला की पाय जवळ घेऊन बसायचे. शक्य आहे, पण मग पुढची तयारी ठेवा. पाच-सहा वर्षांनंतर न केलेल्या बहुतेक नरांचं प्रोस्टेट वाढतं, काहींना लघवीतून रक्त, शी करताना जोर लावावा लागणं वगैरे, शिवाय वृषणाची गाठ आणि शेपटीखालच्या गाठी. न्यूटर केलं की वृषणाच्या गाठीचा प्रश्नच मिटतो. प्रोस्टेटच्या कॅन्सरपासून मात्र न्यूटरिंग वाचवत नाही, या दोन गोष्टी लोक एकत्र करतात.

एक अपवाद, यात वाद नाही. सहाव्या महिन्यापर्यंत एक वृषण खाली उतरलंच नसेल तर ते पोटात किंवा जांघेत अडकलेलं असतं, त्यात गाठ होण्याचा धोका कितीतरी जास्त, आणि हा दोष पिल्लांत उतरतो. तिथे काढायचं की नाही हा प्रश्नच नाही, फक्त वेळ व्हेटशी बोलून ठरवायची. मोजून बघा, दोन लागतात का हाताला.

ऑपरेशन म्हणाल तर छोट्याचं सोपं गेलं, संध्याकाळी घरी, दुसऱ्या दिवशी बॉल तोंडात. लॅबला वृषणाच्या पिशवीत लिंबाएवढी सूज आली कारण पठ्ठ्या दुसऱ्याच रात्री गळ्यातला प्लॅस्टिकचा कोन (टाके चाटू नयेत म्हणून घालतात तो) घालून सोफ्यावर उडी मारून बसला होता. मोठ्या कुत्र्यांत अशी सूज जास्त दिसते. १० ते १४ दिवस उड्या, अंघोळ, धावणं बंद, हे छोट्यापेक्षा पस्तीस किलोच्या कुत्र्याला पाळायला लावणं फार अवघड, सुट्टी बघूनच तारीख घ्या. आणि ऑपरेशननंतरही काही आठवडे तो मादीला गाभण करू शकतो, लगेच मोकळा सोडू नका. जेवण मात्र दोघांचंही कमी करावं लागलं, भूक तीच राहते पण शरीराला साधारण २० ते ३० टक्के कमी लागतं, वाटी बदलली नाही तर सहा महिन्यांत पिंप.

ज्यांना ठरवताच येत नाही त्यांच्यासाठी इम्प्लांट असतं, डेस्लोरेलिनचं, कातडीखाली टोचतात, सहा महिने किंवा वर्षभर टिकतं, मग हॉर्मोन परत येतात. स्वभावात काय फरक पडेल याची ही एक ट्रायलच. पहिले काही आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढतो, तेव्हा घाबरून जाऊ नका. आमच्या त्या सोफ्यामागच्याला हे आधी करून बघितलं असतं तर कळलं असतं.

तिसरा आहे तो मिक्स आहे, आईबाप माहीत नाहीत, सध्या पाच महिन्यांचा. आठ किलोचा होणार असता तर पुढच्या महिन्यात नेला असता. पण मागच्या महिन्यात १२ होता आणि परवा काट्यावर १४ भरला, पंजे तर अजून अंगापेक्षा मोठे. दर महिन्याला वजन करतेय, लागोपाठ दोन-तीन महिने काटा हलला नाही की तारीख घेऊ, तोपर्यंत पट्ट्याऐवजी हार्नेस आणि फाटकाला दोन कड्या.