स्कॅन पाठवायचा कसा : फोटो, सीडी की लिंक?

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असो की ट्रायलमधल्या (औषध-उपचारांच्या चाचणी-अभ्यासातल्या) रुग्णाचे स्कॅन जमा करायचे असोत, प्रतिमा कोणत्या रूपात द्यायच्या हे आधी ठरवावं लागतं. माझं मत सुरुवातीलाच सांगते. ज्या प्रतिमेवरून उपचार बदलणार आहेत, तिची मूळ डायकॉम फाइलच (स्कॅन यंत्रातून निघणारी, मोजमापांच्या नोंदीसह असलेली प्रतिमा) गेली पाहिजे. ती सीडीवरून जाते की नेटवर स्कॅन उघडणाऱ्या लिंकवरून, हा नंतरचा प्रश्न.

फोटोची बाजू आधी. रात्री अपघाताचा रुग्ण आला, मांडीचं हाड उघडउघड मोडलंय आणि सर्जनना एवढंच विचारायचंय की थिएटर तयार ठेवू का, तर एक्स-रेचा मोबाइलवर काढलेला फोटो पुरतो. तिथे वेळच महत्त्वाचा.

सीटी आणि एमआरआयच्या बाबतीत मात्र फोटो फसवतो. सीटीतल्या प्रत्येक ठिपक्याला हाउन्सफील्ड या घनतेच्या एककात किंमत असते : पाणी ०, हवा उणे १०००, हाड कित्येक शेकड्यांपासून हजाराच्या पुढे. मूळ फाइलमध्ये साधारण ४,००० पातळ्या मावतात, नेहमीच्या जेपेग फोटोत करड्या रंगाच्या २५६. म्हणूनच स्कॅन वाचणारा सतत विंडो, म्हणजे पडद्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दाखवायच्या किमतींचा पट्टा, बदलत असतो. फुप्फुसासाठी रुंदी १५०० च्या आसपास, मेंदूसाठी ८०. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत मेंदूच्या करड्या आणि पांढऱ्या भागांतला फरक अगदी थोडक्या एककांनी पुसट होतो. तो दिसावा म्हणून विंडो ४० पर्यंत अरुंद करतात. फोटोत ही सोयच उरत नाही. पाठवणाऱ्यानं जी विंडो लावली तीच पुढच्याच्या नशिबी येते, मग फोटोचा उजेड कितीही कमी-जास्त करा.

त्याहून मोठी अडचण निवडीची आहे. शेकडो स्लाइसमधले (शरीराच्या आडव्या कापांच्या प्रतिमांमधले) चार फोटोसाठी कोणी निवडले? निवडणाऱ्याच्या नजरेतून जे सुटलं ते फोटोतही येत नाही, आणि दुसरं मत नेमकं त्यासाठीच मागितलेलं असतं.

संशोधनात तर फोटोचा विचारही करू नये. घन गाठींच्या कर्करोगावरच्या ट्रायलमध्ये बहुतेकदा रेसिस्ट १.१ हे २००९ चे निकष लावतात. जास्तीत जास्त पाच गाठी, एका अवयवातल्या दोनच, निवडून त्यांच्या मापांची बेरीज ठेवायची. सुरुवातीच्या तुलनेत बेरीज ३० टक्के घटली तर अंशतः प्रतिसाद. सर्वांत कमी बेरजेच्या तुलनेत २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढली तर आजार बळावला. समजा, ५० मिलिमीटरची बेरीज ३५ वर आली आणि पुढच्या स्कॅनमध्ये ४२ भरली. या सात मिलिमीटरवर रुग्णाचं औषध चालू राहणार की बंद होणार हे ठरू शकतं. फोटोवर पट्टी लावून ते मोजता येत नाही. डायकॉममध्ये ठिपक्यांमधलं अंतर आणि स्लाइसची जाडी नोंदलेली असते, त्यामुळे रुग्णालयातल्या रेडिओलॉजिस्टनं घेतलेलं माप मध्यवर्ती वाचकाला (ट्रायलचे सगळे स्कॅन एका जागी तपासणाऱ्या तज्ज्ञाला) स्वतंत्रपणे पडताळता येतं.

आता सीडी की लिंक? सीडीला नेट लागत नाही आणि ती रुग्णाच्या हातात राहते, हा तिचा मोठा गुण. पण हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो आणि सीडीवरचा व्ह्यूअर प्रत्येक यंत्रावर चालतोच असं नाही. लिंकवर दोन डॉक्टर फोनवर बोलता बोलता एकाच वेळी तोच स्लाइस बघू शकतात, जुना स्कॅन शेजारी लावू शकतात. कठीण केसमध्ये याचं मोल फार आहे, म्हणून नेट बरं असेल तिथे मी लिंककडे झुकते. मात्र दोन गोष्टी आधी विचारून घ्या : मूळ डायकॉम उतरवून घेता येते का, आणि लिंकची मुदत कधी संपते.

गोपनीयतेत उपचार आणि संशोधन यांच्या वाटा वेगळ्या होतात. डायकॉमच्या हेडरमध्ये, म्हणजे प्रतिमेला जोडलेल्या माहितीत, नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक असतो. उपचारासाठी ही ओळख हवीच, नाहीतर स्कॅनची अदलाबदल होते. फोटो पाठवताना नाव झाकायला म्हणून कडा कापतात, तेव्हा तारीख आणि डाव्या-उजव्याची खूणही कधी कधी कापली जाते. ट्रायलसाठी मात्र रुग्णालयाबाहेर पडण्याआधीच ओळख काढून सांकेतिक क्रमांक घालावा लागतो. सोनोग्राफीत नाव चित्रातच छापलेलं असू शकतं, ते हेडर साफ करून जात नाही. डोक्याच्या बारीक स्लाइसवरून तर चेहराही उभा करता येतो. त्यासाठी चेहऱ्याचा भाग पुसणारी साधनं आहेत, पण अभ्यास डोळ्यांच्या खोबणीचा किंवा सायनसचा असेल तर हवा तोच भाग निघून जाईल.

कोणताही मार्ग घ्या, सोबत रिपोर्ट, जुने स्कॅन आणि नेमकी शंका दोन ओळींत द्या. आणि मेंदूतला रक्तस्राव किंवा फुप्फुसातली गुठळी यांसारखं काही दिसलं, तर लिंक पाठवून थांबू नका. फोन करा आणि समोरच्याला कळल्याची खात्री करूनच ठेवा.