आत्मकथन छापायचं असेल तर इथे या

पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपी आणि छपाईची दुकानं कमी नाहीत. पण कुणी स्वतःची कहाणी छापायची म्हणत असेल, तर मी याच दुकानाचं नाव सांगते. इथे आधी मजकूर वाचतात, मग पानं लावतात.

मी बीड जिल्ह्यातली, शिरूर कासार तालुक्यातली. आईवडील ऊसतोड मजूर. आता मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. मुकादमाची आगाऊ उचल, फडाशेजारची कोपी म्हणजे झोपडी, पहाटेच्या गारठ्यात डोक्यावरून वाहिलेल्या मोळ्या आणि तिथून जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेपर्यंतची वाट, हे सगळं मी रात्रपाळ्या सांभाळून मोबाइलवर लिहून काढलं होतं. त्याआधी एका ठिकाणी मजकूर दिला, तर त्यांनी माझ्या आईची भाषाच बदलून टाकली. ‘चल माय, गाडी भरायची हाय’चं ‘चल बाळा, गाडी भरायची आहे’ करून ठेवलं. माझी आई असं आयुष्यात बोललेली नाही. इथल्या मुद्रितशोधक काकूंनी संवादांना हात लावला नाही. निवेदनातले ऱ्हस्व-दीर्घ तेवढे लाल शाईने सुधारले.

आणि एका पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘कारखान्याचा पट्टा पाडव्याला पडला म्हणता, मग मार्चमध्ये दहावीचे पेपर गावी कसे दिलेत?’

पट्टा पडला म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला; त्याआधी मी गावी कशी आले, तो भाग मी मुद्दाम गाळला होता. आई तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. तिला फडात ठेवून मी परीक्षेसाठी एकटी एसटीने गावी आले. माझ्या वाट्याच्या मोळ्याही मग तिनेच उचलल्या. काकूंनी खोदून विचारलं नाही. ‘लिहायचं असेल तर जागा आहे, नसेल तर पाडव्याचा उल्लेख काढू,’ एवढंच म्हणाल्या. मी लिहिलं. आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, ‘मीच तुला गाडीत बसवलं व्हतं, त्ये का न्हाई लिवलं?’ मग तेही घातलं. आज मला भेटणारे वाचक याच प्रकरणाबद्दल बोलतात.

पानं वाढली तेव्हा दुकानातल्या काकांनी हिशेब समोर मांडला. सोळा पानांचा एक फॉर्म, त्यामुळे दोन पानं जास्त झाली तरी कागद कसा वाया जातो ते दाखवलं आणि अक्षर बारीक न करता पुस्तक फॉर्ममध्ये बसवलं. मजकूर युनिकोडमध्येच ठेवल्याने जोडाक्षरं फुटली नाहीत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून मोफत मिळतो, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि अर्ज माझ्याच नावाने भरायला लावला. याचे पैसे उकळणारेही मी पाहिलेत.

मुखपृष्ठाच्या बाबतीत मात्र ते कमी पडतात. तयार नमुन्यांत उगवता सूर्य आणि हात पसरून उभी मुलगी, याच्यापलीकडे फारसं काही नाही. मी आईवडिलांचा उसाच्या गाडीपुढचा जुना फोटो दिला. तो त्यांनी स्वच्छ करून छान छापला. तुमच्याकडे घरचा फोटो असेल तर घेऊनच जा.

शेवटचं प्रूफ मोबाइलवर बघू नका, कागदावर मागा, ते देतात. आणि दिवाळीच्या आधी जाऊ नका. दिवाळी अंकांच्या कामात सगळे बुडालेले असतात, काकूंना तुमच्या पुस्तकासाठी निवांत वेळ मिळत नाही.