डीएनएस बदलायचा की पीसी डोमेनला पुन्हा जोडायचा?

शिरोलीतल्या एका फाउंड्रीचा प्रश्न: फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये कधी युजरचं नाव दिसतं, कधी नुसता ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारा लांबलचक आकडा. काय करावं? हा आकडा म्हणजे युजरचा ओळख-क्रमांक. ऑफिसचे पीसी आणि युजर एकत्र सांभाळणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, पीसीला सापडला नाही, की नावाऐवजी तोच दिसतो. उपाय दोन: नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारा डीएनएस बदला, नाहीतर पीसी डोमेनला, म्हणजे त्या कंट्रोलरच्या ताब्यातल्या नेटवर्कला, पुन्हा जोडा.

मेहनत बघा. पुन्हा जोडायचं तर ॲडमिनचा पासवर्ड आणि रीस्टार्ट, तेही पीसीगणिक. डीएनएस डीएचसीपीतून (सगळ्या पीसींना नेटवर्कची सेटिंग वाटणारी सेवा) एकदाच बदलतो.

टिकाऊपणात खरी गोम आहे. दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ हमखास टाकलेला असतो. पहिला सर्व्हर रेंगाळला की विंडोज तिकडे वळतं, आणि गूगलला तुमचं आतलं डोमेन कुठलं माहीत! पीसी कितीदा जोडा, हे जात नाही.

अधूनमधून बिघडतंय, तेही बऱ्याच पीसींवर? मग डीएनएस. पत्ते फक्त डोमेन कंट्रोलरचे. कंट्रोलर एकच असेल तर दुसरा रकाना रिकामा. एकच पीसी कायम ‘ट्रस्ट रिलेशनशिप’चं (पीसी आणि डोमेनमधला विश्वास तुटल्याचं) रडगाणं गात असेल, तर तेवढाच पुन्हा जोडा.