दोन बादल्या आणि एक रोवळी: घरी गाडी धुण्याचं सामान, दीड वर्षाच्या वापरानंतर

माझी निळी बलेनो २०१९ सालची. स्वतःच्या पगारातून घेतलेली पहिली गाडी. पाच वर्षांचे हप्ते फिटले त्याच महिन्यात एका रात्री पेट्रोल पंपावर रांगेत उभी होते. वरून एलईडीचा पांढरा झोत थेट बॉनेटवर पडत होता आणि त्या उजेडात दिसलं की अख्ख्या बॉनेटवर कोळिष्टकासारखे बारीक, गोल गोल ओरखडे आहेत. दिवसा कधी लक्षातच आले नव्हते. घरी येऊन मोबाईलच्या टॉर्चने दरवाजे पाहिले, डिकी पाहिली. सगळीकडे तेच. रात्री जेवण गेलं नाही.

गाडी मी महिन्यातून दोनदा वॉशिंग सेंटरवर द्यायचे, एका वेळचे चारशे रुपये. पुढच्या वेळी गाडी देऊन घरी न जाता तिथेच उभी राहिले. गाडी धुणाऱ्या मुलाच्या हातातून स्पंज खाली पडला, त्याने उचलून त्याच बादलीत बुडवला आणि माझ्या दरवाज्यावर फिरवायला लागला. त्याच स्पंजने पाच मिनिटांपूर्वी त्याने एका जीपची चाकं घासली होती. त्या मुलाला बोल लावावासा वाटला नाही. दिवसाला इतक्या गाड्या उरकायच्या म्हटल्यावर त्याला दुसरं कुणी शिकवलेलंच नसणार. पण मी गाडी तिथे देणं त्या दिवशी बंद केलं आणि धुण्याचं सामान घरी आणलं.

मी रत्नागिरीत राहते, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सामान घेताना थोडं वाचलं, थोडं स्वतः करून पाहिलं. गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १२० मायक्रॉन भरते. चमक देणारा सगळ्यात वरचा पारदर्शक थर त्यातला जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी झळाळी केसाहून पातळ पापुद्र्यावर उभी आहे. रबिंग-पॉलिश करून ओरखडे घालवतात तेव्हा ओरखडा भरून येत नाही, आजूबाजूचा थर त्याच्या पातळीपर्यंत खाली घासला जातो. एकदा केलं तर ठीक. दर दिवाळीला करणारे लोक माझ्या ओळखीत आहेत, त्यांना मी हात जोडून नको म्हणते.

सामान असं: मेग्वायर्सचा गोल्ड क्लास शाम्पू, १.८९ लिटरचा मोठा कॅन. फॉर्म्युला वनचं कार्नौबा मेण, २३० ग्रॅमचा डबा. हातात घालायचा मायक्रोफायबरचा झुबकेदार मोजा. पुसायला एक जाड टॉवेल, ८०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन ८०० ग्रॅम), आणि साडेतीनशे जीएसएमची सहा फडकी. क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणारा मळलेल्या मातीसारखा गोळा. दोन बादल्या. सगळं मिळून साडेचार हजारांच्या आसपास गेले. एका दुकानात सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर चढवायच्या कडक संरक्षक थराचा, भाव अठरा हजार सांगितला होता, ते नको म्हटलं.

यातलं सगळ्यात मोलाचं काय, असं कुणी विचारलं तर मी दुसरी बादली सांगेन. आणि तिच्या तळाशी उपडी घातलेली प्लास्टिकची रोवळी.

पहिल्या बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. मोजा शाम्पूत बुडवायचा, एक दरवाजा धुवायचा, मग दुसऱ्या बादलीत रोवळीवर मोजा हलकेच घासून त्यातली माती झाडायची आणि परत शाम्पूकडे जायचं. माती रोवळीच्या भोकांतून खाली जाते. मोजा पुन्हा बुडवला तरी ती ढवळून वर येत नाही. बाजारात याच कामाची खास जाळी मिळते, पण आमच्याकडे तांदूळ धुवायची जुनी रोवळी पडून होती, ती नेमकी बसली. पहिल्या दिवशी धुणं झाल्यावर दुसरी बादली हळूच कलती करून पाणी ओतून दिलं. तळाशी तांबडा गाळ उरला, चहाचा चमचाभर असेल. जांभ्याची माती ती. चिमटीत धरून चोळली तर करकर वाजली. हाच चमचाभर करकरीत गाळ एवढी वर्षं स्पंजात बसून माझ्या बॉनेटवर गोल गोल फिरत होता. धूळ नुसती बसल्याने रंगाचं फारसं बिघडत नाही, ती घासल्याने बिघडतं. हे समजायला मला पाच वर्षं आणि तो गाळ लागला.

शाम्पूबद्दल. घरातले तीन पर्याय मी सामू (पीएच) मोजायच्या पट्टीवर तपासले. कपड्यांच्या पावडरीचं पाणी दहाच्या घरात गेलं, पट्टी निळसर झाली. भांड्यांच्या लिक्विडचा सामू फारसा चढला नाही, पण ते तेलकटपणा काढायलाच बनवलेलं असतं, त्यामुळे गाडीवरचं मेणही सोबत घेऊन जातं. गाडीच्या शाम्पूची पट्टी हिरवट राहिली, सातच्या आसपास, म्हणजे उदासीन. शिवाय हा शाम्पू बुळबुळीत आहे आणि त्याचा खरा गुण तोच. मोजा पत्र्यावरून अडखळत नाही, घसरत जातो. सहा लिटर पाण्याला मी ४५ मिलिलिटर घेते, औषधाच्या झाकणाने मोजून. फेस भरपूर होतो, पण फेस बघून प्रमाण वाढवू नका, धुताना पाणीच जास्त जातं. महिन्यातून दोनदा धुऊन तो कॅन दीड वर्ष पुरला. आता तळाला आलाय आणि मी पुन्हा तोच मागवणार आहे.

आमच्या आळीतले एक काका पिकअप चालवतात. मला बादल्या घेऊन बसलेली बघून म्हणाले, "बाई, फडक्याला थोडं डिझेल लावा नि पुसून घ्या. बघा कशी चकाकते." डिझेलने चकाकते हे खरं. पण तो तेलकट थर पुढच्या वळणावरची धूळ ओढून घेतो आणि खिडक्यांची रबरं त्याने फुगतात. काकांना मी तेवढं सांगितलं. ते म्हणाले, "माझ्या गाडीला काय, उद्या परत चिखल." त्यांच्या कामाच्या गाडीचा हिशोब वेगळा आहे हे मला पटतं.

आता आंब्याचं. माझी गाडी हापूसच्या झाडाखाली उभी असते, दुसरी जागा नाही. पौष-माघात मोहोर आला की तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून गळणारा गोड चिकटा काचेवर, टपावर, बॉनेटवर बारीक शिंतोड्यांसारखा बसतो. सकाळी बोट लावलं तर बोट चिकटतं. त्यावर धूळ बसते, चार-आठ दिवस तसंच ठेवलं तर काळी बुरशी धरते. अशी गाडी कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे तिच्यावर पॉलिश पेपर फिरवणं. मी दोन लिटरचा हातपंप घेतलाय, कुंड्यांना पाणी फवारायला मिळतो तो. त्यात पातळ शाम्पू भरते, सगळ्या गाडीवर मारते आणि पाच मिनिटं हात लावत नाही. चिकटा पाघळून ओघळायला लागतो, मग पाइपने धुऊन काढायचा आणि मगच मोजा. बागेत औषध मारलेला पंप मात्र यासाठी घेऊ नका, कितीही धुतला असला तरी.

पाखरांच्या विष्ठेला मी एक दिवसही देत नाही. त्यात युरिक आम्ल असतं, आणि आमच्याकडच्या उन्हात पत्रा तापला की ते वरच्या थरात उतरतं. जांभळं पिकतात त्या दिवसांत तर जांभळे डागच पडतात. ओला कागदी रुमाल वर ठेवायचा, दोन-तीन मिनिटांनी उचलायचा, घासायचं नाही. मागच्या गणपतीत आम्ही चार दिवस गावी होतो आणि गाडी इथेच उभी होती. टपावर पाच रुपयांच्या नाण्याएवढा एक डाग तेव्हापासून कायमचा राहिलाय. उन्हात तिरकं पाहिलं की दिसतो.

क्ले बार मी वर्षातून एकदाच वापरते. धुतलेल्या पत्र्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवून पाहा. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून रव्यासारखा लागतो. ब्रेकचे लोखंडी कण, डांबराचे ठिपके, काय काय रुतलेलं असतं. पत्र्यावर भरपूर शाम्पूचं पाणी मारून क्लेचा गोळा बोटांच्या हलक्या दाबाने सरळ रेषेत फिरवायचा. माझा पिवळा गोळा अर्ध्या बॉनेटमध्ये मळकट तांबूस झाला. मळला की घडी घालून नवी बाजू वर काढायची. जमिनीवर पडला तर तो गोळा संपला, परत गाडीला लावायचा नाही. त्याची किंमत आठवून मीही एकदा उचलणार होते, पण तो पडलेला स्पंज आठवला.

मेणावर मी खूश आहे. कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्येकडच्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. कोरड्या हवेत पाण्याचा अंश उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानावर मेण चढवतं. ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे उन्हात तापलेल्या बॉनेटवरही टिकतं. सावलीत, गार पत्र्यावर, अगदी पातळ हात द्यायचा. पांढुरकं झालं की एका कोपऱ्यात बोट ओढून बघायचं. खालून रंग स्वच्छ उघडला तर पुसायला घ्यायचं. पहिल्यांदा मेण लावलं त्याच संध्याकाळी वळवाची सर आली. मी ओट्यावर उभी राहून बघत होते. परसातल्या अळवाच्या पानांवर थेंब जसे गोल होऊन डुलतात आणि घरंगळतात, तसेच बॉनेटवर डुलत होते. अळवाच्या पानावरही मेणाचाच थर असतो. आठवीच्या वर्गात पुढे ते पान आणि गाडीचा फोटो दोन्ही नेले.

टिकण्याचं म्हणाल तर कोरड्या दिवसांत दोन महिने आरामात. पावसाळ्यात पाचव्या आठवड्यात थेंब पसरट व्हायला लागले. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात पाच आठवडे मला कमी वाटत नाहीत. कुठल्याही घट्ट मेणासारखं हेही काळ्या प्लास्टिकला आणि रबराला लागलं की पांढरे डाग सोडतं. कडेला मास्किंग टेप लावा. मी पहिल्यांदा लावली नव्हती, मग जुन्या टूथब्रशने आणि शाम्पूच्या पाण्याने अर्धी दुपार घालवली.

फडक्यांत एक खरेदी फसली. ऑनलाइन घेतलेल्या एका स्वस्त संचातल्या निळ्या फडक्यांचा रंग पहिल्या धुण्यात गेला आणि काठाची शिलाई नायलॉनच्या दोऱ्याची, टोचणारी निघाली. ती आता चाकांना. चांगलं फडकं तळव्यावर घासून पाहा, कातडीला किंचित अडकतं. ती फडकी वेगळ्या बादलीत धुवायची, कपड्यांना मऊ करणारं लिक्विड घालायचं नाही, त्याने तंतू मिटतात आणि पाणी शोषत नाहीत. आईने प्रेमाने जुनी सुती साडी फाडून दिली होती. सुती कापड हाताला मऊ, पण कण त्याच्या पृष्ठभागावरच राहतो. मायक्रोफायबरच्या लवेत तो आत शिरतो. साडीची फडकी मी दारांच्या आतल्या कडांना आणि डॅशबोर्डला वापरते. जाड टॉवेलने मात्र घासून पुसायचं नसतं, तो पत्र्यावर पसरायचा आणि कोपरे धरून अलगद ओढायचा. एका ओढीत अख्खा टप कोरडा होतो.

पाण्याचंही सांगते. आमच्या विहिरीचं पाणी जांभ्यातलं, मऊ. चार थेंब राहिले तरी डाग पडत नाही. संभाजीनगरला बहिणीकडे बोअरच्या पाण्याने धुतली, ऊन पटकन चढलं आणि पुसेपर्यंत गाडीभर पांढरी वर्तुळं. पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं करून फडक्याने दाबून धरलं, मग धुतलं, तेव्हा गेली. बोअर असलेल्यांनी सकाळी सातच्या आत धुवावी आणि एकेक भाग धुऊन लगेच टिपावा. मे महिन्यात आमचीही विहीर तळाला जाते. तेव्हा रिन्सलेस वॉश (नंतर पाणी ओतून धुवावं लागत नाही असं लिक्विड), आठ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर, त्यात सगळी गाडी होते. चिखल असेल तर मात्र ते वापरू नका.

जुने ओरखडे मी पॉलिशने काढले नाहीत. मेण त्यांत थोडं भरतं, म्हणून कमी दिसतात. नवे पडलेले नाहीत. परवा रात्री त्याच पंपावर त्याच दिव्याखाली खाली उतरून दोन मिनिटं बॉनेट न्याहाळलं. पंपावरच्या मुलाने विचारलं, "बाई, काय झालं? काही गळतंय का?" मी म्हटलं, "नाही रे, बघतेय फक्त." आता मृगाआधी मेणाचा एक हात द्यायचाय आणि खिडक्यांच्या रबरांवर गेल्या पावसात धरलेलं हिरवं शेवाळ काढायचंय. त्याला तोच टूथब्रश.