बुटातला दाब मोजणारी सेन्सर पट्टी : पुण्यातल्या मधुमेही पायांवर काही महिने वापरल्यानंतर

मधुमेहाने ज्यांच्या तळव्याची जाणीव गेली आहे, त्यांना चप्पल कुठे टोचते हे सांगता येत नाही. बुटात तळव्याखाली ठेवायची ही पट्टी ते सांगते, आणि त्यासाठीच ती घ्यावी. पुढे कोणाला जखम होईल याचं भाकीत करायला घेणार असाल तर निराशा होईल. चवड्याखाली भरपूर दाब असूनही वर्षानुवर्षं पाय शाबूत राहिलेली माणसं असतात आणि मध्यम दाबावर जखम झालेलीही. पण पादत्राण दुरुस्त करताना, आधी आणि नंतर, त्याच बैठकीत मोजायचं असेल तर याच्या तोडीचं साधन आमच्या पाहण्यात नाही.

आमच्याकडचा संच रेझिस्टिव्ह प्रकारचा आहे, म्हणजे दाबाने सेन्सरचा विद्युतरोध बदलतो. कागदासारख्या पातळ दोन पट्ट्या, घोट्यांना बांधायच्या डब्या, कमरेच्या पट्ट्यावरचा वायरलेस भाग आणि लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर. विद्युतधारकतेवर चालणारे कपॅसिटिव्ह इनसोल, म्हणजे बुटातले तळ (म्यूनिकच्या नोव्हेल कंपनीचा पेडार हा त्यातला ओळखीचा), जाड असतात, पण त्यांची वाचनं जास्त स्थिर असतात. पातळ पट्टी घट्ट बुटातही जागा खात नाही, हा तिचा मोठा फायदा. तोटा असा की तापमान, वेळ आणि घडी या तिन्हींनी ती बहकते.

पट्टी मापाला कापताना छापलेल्या रेघेवरच कापावी. आतली वाहक रेघ तुटली की त्या ओळीतले पुढचे सगळे सेन्सर मेले. टाचेशी कडा वर वळली तर तिथे खोटा दाब दिसतो, म्हणून एखाद-दोन मिलिमीटर कमी ठेवलेली बरी. बुटात घातल्याबरोबर कॅलिब्रेशन, म्हणजे पट्टीचा आकडा माहीत असलेल्या वजनाशी जुळवणं, करू नये. पाच मिनिटं चालवून पट्टी पायाच्या तापमानाला येऊ द्यावी. एसी खोलीत पडून असलेली पट्टी आणि मे महिन्यात भर दुपारी दुचाकीवरून आलेला पाय, यांचं लगेच जमत नाही.

मग पाय उचलून शून्य करायचं आणि वजन टाकून एका पायावर उभं करायचं. वजन बूट आणि यंत्रासकट घ्यावं. खरी गडबड इथे होते. बधिर पायाच्या माणसाचा तोल कच्चा असतो, तो आधाराचा बार घट्ट धरतो, आणि काही भार हातावर जातो. ७० किलोच्या माणसाने ५ किलो हातावर घेतले तर पट्टीवर ६५ किलोच येतात, सॉफ्टवेअर मात्र ७० धरतं. त्या दिवसाची सगळी वाचनं सुमारे ८ टक्के फुगतात. मदतनीस मागे उभा ठेवावा आणि रुग्णाला बारवर फक्त बोटांची टोकं टेकवू द्यावी. हवेच्या फुग्याने दाब देणारं कॅलिब्रेशन यंत्र मिळत असेल तर रुग्णाला एका पायावर उभं करायची वेळच येत नाही.

सूचनापुस्तिका बुटांसाठी लिहिलेली आहे. पुण्यात आमच्याकडे येणारे बहुतेक जण सँडल घालतात, तीही अनेकदा एमसीआरची (मऊ मायक्रोसेल्युलर रबराची). सँडलला बाजूच्या भिंती नसतात, त्यामुळे पट्टी पुढे सरकते आणि चवड्याचा दाब पडद्यावर बोटांच्या मुळाशी दिसू लागतो. टाचेला, कमानीखाली आणि चवड्याच्या दोन्ही कडांना दुहेरी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावले की ती जागेवर राहते. चवड्याच्या थेट खाली मात्र चिकटपट्टी लावू नये, तिची जाडीच दाब म्हणून उमटते. पायात पातळ सुती मोजा हवा, आणि आधी-नंतरच्या दोन्ही चाचण्यांना तोच. मागचा पट्टा नसलेली चप्पल मोजण्यात अर्थ नाही. ती पडू नये म्हणून माणूस बोटं आवळत चालतो आणि बोटांच्या टोकांखालचे आकडे चढतात. अशा माणसाला आकडा दाखवण्यापेक्षा मागे पट्टा असलेली सँडल आधी द्यावी.

चालणं नेहमीच्या वेगाने हवं. १० मीटरला लागलेले सेकंद लिहून ठेवावेत. वेग वाढला की दाबही वाढतो, म्हणून नंतरच्या चाचणीचा वेग पहिल्यापेक्षा ५-१० टक्क्यांहून जास्त हलला तर ती परत घ्यावी. सुरुवातीची आणि शेवटची पावलं गाळून प्रत्येक पायाची निदान बारा पावलं उरायला हवीत.

आता आकड्यांकडे. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये, तळव्याची जखम भरून आलेल्यांसाठी, बुटातला कमाल दाब २०० किलोपास्कलच्या खाली आणावा किंवा मूळ दाब किमान ३० टक्क्यांनी कमी करावा असं म्हटलं आहे. २०० किलोपास्कल म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण २ किलो. ही मर्यादा सुमारे २ चौरस सेंटीमीटरच्या सेन्सरला धरून आहे. पातळ पट्ट्यांचे सेन्सर त्याहून खूप लहान असतात. लहान सेन्सर दाबाचं टोक नेमकं पकडतो, मोठा सेन्सर ते आजूबाजूच्या दाबात मिसळून टाकतो. त्यामुळे आमच्या पट्टीवरचे २४० आणि मोठ्या सेन्सरवरचे २४० ही तुलनाच होत नाही. आम्ही २०० च्या मागे न लागता ३० टक्क्यांचा निकष धरतो, आणि तेच योग्य वाटतं.

तो कसा गाठायचा, इथे पट्टीचं मोल कळतं. समजा, अंगठ्याच्या मुळाशी ३४० किलोपास्कल दिसतात. घट्टा असेल तर आधी तो तासून घ्यावा, नुसत्या तेवढ्याने तिथला दाब सुमारे पाव भाग उतरू शकतो. मूळ वाचन त्यानंतरचं धरावं, नाहीतर तासण्याचं श्रेय इनसोलला जातं. मग त्या जागी लिपस्टिकचा ठिपका लावून पाय इनसोलवर टेकवायचा. उमटलेल्या लाल डागाच्या किंचित मागे मेटाटार्सल पॅड (चवड्याच्या हाडांमागे आधार देणारा छोटा उंचवटा) बसवायचा. डागावर नाही, मागे. पाच मिलिमीटर पुढे सरकला तर तोच पॅड हाडाच्या डोक्याखाली येतो आणि दाब उलट वाढतो, हे पडद्यावर दोन मिनिटांत दिसतं. पॅड आधी चिकटपट्टीने बसवावा, मोजावं, हलवावं, परत मोजावं, आणि मगच सोल्युशन लावावं. ३४० चे २३० झाले की ३२ टक्के उतरले, काम झालं. नाही झाले तर डागाखालचा इनसोल ग्राइंडरवर घासून तिथे मऊ सामान भरायचं, किंवा सोलला रॉकर, म्हणजे पुढे वर वळणारा गोलावा, द्यायचा. रॉकरचं वळण चवड्याच्या हाडांच्या मागेच सुरू व्हायला हवं. प्रत्येक बदलानंतर दुसरे भागही बघायचे. अंगठ्यावरून उतरलेला भार दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी जाऊन बसतो आणि तिथे नवीन घट्टा धरतो.

खोट्या खुणा ओळखता यायला हव्यात. पडद्यावर जास्त दाब दाखवणारी सरळ, पातळ लाल रेघ म्हणजे पट्टीची घडी. हाडाखालचा खरा दाब गोलसर उमटतो. अख्खी ओळ काळी पडली तर आधी जोडणी पुसून बघावी, पावसाळ्यात तिथे ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात पट्ट्या सपाट ठेवल्यापासून हा त्रास बराच कमी झाला. एका जागी उभं ठेवलं तर वाचन हळूहळू चढत जातं, तो या सेन्सरचा स्वभाव आहे; उभ्याने घेतलेला आकडा चालण्याच्या आकड्याशी जोडू नये. पट्टी झिजतेच. प्रत्येक वेळी नवीन कॅलिब्रेशन करावं, आणि अख्ख्या पायाचा आकडा वजनाशी जुळेनासा झाला की ती फेकावी.

पट्टी फक्त काटकोनात येणारा दाब मोजते. पाय बुटात पुढे-मागे घासतो तेव्हा कातडी आणि खालचे थर ओढले जातात. तो ताण तिला दिसत नाही. घट्टे आणि फोड यांत त्याचा मोठा वाटा असतो. म्हणून आकडा चांगला असूनही घट्टा परत येत असेल तर माप, बंद आणि मोज्यांकडे बघावं. वेल्लोरला आणि पुढे अमेरिकेत कुष्ठरोग्यांवर काम केलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवलं की बधिर पाय एका मोठ्या आघातानेच जातो असं नाही. मध्यम भार पुन्हा पुन्हा पडत राहिला तरी आतून दाह सुरू होतो. तो पकडायला इन्फ्रारेड थर्मामीटर आहे. दोन्ही पायांच्या एकाच जागेत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक सलग दोन दिवस राहिला तर चालणं कमी करून डॉक्टरांकडे जायचं. मोजण्याआधी दहा मिनिटं पाय उघडे, पण फरशीला न टेकवता ठेवावेत. पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल किंवा उघडी जखम असेल तर त्या पायावर पट्टी लावून चालवायचंच नाही.

वारीच्या आधी ज्येष्ठात ‘जाऊ का?’ विचारणारे येतात. सपाट फरशीवरचं वाचन दिवे घाटाच्या चढाला लागू पडत नाही. चढावर चवड्याचा भार वाढतो, आणि पावलं हजारोंनी पडतात. आम्ही निदान उतारावर वर-खाली चालवून बघतो.

आणि घर. चप्पल दारात निघते, तिच्यावर केलेली सगळी कारागिरी तिथेच राहते. २०१३ च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात खास बूट बाहेर ८७ टक्के पावलांना पायात होते, घरात ६१ टक्के, आणि पावलं घरातच जास्त पडत होती. फरशीवर अनवाणी चालायची सवय असलेल्या आपल्याकडे हे आणखी अवघड आहे. मागे पट्टा असलेली, दाराबाहेर कधीच न जाणारी दुसरी एमसीआर सँडल दिली तर देवघर-स्वयंपाकघराची हरकत कमी होते. तीही पट्टीवर मोजून द्यावी.

घेण्याआधी विक्रेत्याला विचारा: एका पट्टीची किंमत किती, ती किती वापर टिकते, सेन्सर केवढा आहे, आणि कच्ची आकडेवारी बाहेर काढता येते का. शेवटच्याला ‘नाही’ उत्तर आलं तर सोडून द्या. पादत्राणात बदल करणारा कारागीर हाताशी नसेल तरीही घेऊ नका. अशा दवाखान्याला १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तळव्याची जाणीव तपासायचा नायलॉनचा धागा), थर्मामीटर आणि शाईचा ठसा घेणारी हॅरिस मॅट पुरते. मॅटवर जिथे शाई सगळ्यात गडद उमटते ती जागा पेनने गोल करून कागद रुग्णाबरोबर कारागिराकडे पाठवता येतो.